मधली चित्रं

"जो काहीच सुधारत नाही, असा कॉम्प्युटर आहे का तुमच्याकडे?"

मगदूमांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या खांद्यावर मान टाकून झोपलेल्या रावीकडे, मग पुन्हा माझ्याकडे. सांगलीत कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की सगळे त्यांच्याच दुकानाचं नाव सांगतात.

"ताई, नक्की करायचंय काय तुम्हाला?"

"व्हिडिओ एडिटिंग. नवशिकी आहे मी."

"मग असं बोला की!" ते खुलले. "आता सगळं नवशिक्यांसाठीच आहे. हा बघा. ह्याला नुसतं सांगायचं, बाळाचा पिक्चर कर. गाणं तोच टाकतोय, रडणं काढतोय, मागं कोण नाक खाजवत असंल तर त्याचा हात खाली घेतोय. परवा एका पार्टीनं लग्नाचं केलं. नवरदेवाचा चुलता भांडून निघून गेलेला, त्याला पंगतीत बसवला बघा ह्यानं."

"तेच नकोय मला."

"चुलता?"

"बसवणं. मला व्हिडिओतलं प्रत्येक चित्र वेगळं काढून बघता आलं पाहिजे. कापता आलं पाहिजे, जोडता आलं पाहिजे. इंटरनेट नसताना चालला पाहिजे. त्यानं स्वतःचं डोकं चालवायचं नाही."

"आता घ्या!" मगदूम खुर्चीत मागे रेलले. "लोक इथं डोकं मागायला येतात, तुम्हाला बिनडोक पाहिजे."

एरवी मी हसले असते. पण माझा सगळा जीव रावीच्या पाठीवर ठेवलेल्या हातात होता. झटका यायचा झाला तर तो आधी त्या हाताला कळायचा.

रावी आठ महिन्यांची. संक्रांतीच्या थोडं आधी हे सुरू झालं. झोपेतून उठली की ती एकदम मान पुढे टाकायची आणि दोन्ही हात बाजूला फेकायची, कुणीतरी तिला उंचावरून सोडून दिल्यासारखी. क्षणभरच. मग सैल पडायची, आणि जरा वेळानं पुन्हा तेच. असं ओळीनं बऱ्याचदा व्हायचं आणि थांबायचं.

"दचकत असेल," आई म्हणाल्या. आई म्हणजे माझ्या सासूबाई. "सगळी लेकरं दचकतात. माझी दोन वाढली की अशीच."

लहान मुलांच्या मेंदूच्या डॉक्टर उपळेकर मॅडम मिरजेला असतात. त्यांच्याकडे हल्ली थेट जाता येत नाही. आधी बाळाचा व्हिडिओ पाठवायचा, इस्पितळाचं यंत्र तो पाहतं आणि तातडी आहे की नाही ते ठरवतं. मी फोनवर शूटिंग केलं आणि पाठवलं. उत्तर लगेच आलं. 'हालचाली वयानुसार सामान्य. तातडी नाही.' भेटीची तारीख मिळाली ती पाडव्यानंतरची.

मग मी तो व्हिडिओ स्वतः लावून पाहिला. रावी झोपेतून उठली, जांभई दिली, मुठी चोळल्या आणि गोड हसली. झटका नव्हताच.

शूटिंग करताना मी तो माझ्या डोळ्यांनी पाहिला होता. फोन माझ्याच हातात होता. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा शूट केलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. प्रत्येक वेळी समोर झटका आणि फोनमध्ये जांभई. झोपेविना माणसाला काय काय दिसतं, हे मी वाचलं होतं. आता वाटायला लागलं, ते माझ्याबद्दलच लिहिलेलं होतं.

हृषीकेश, माझा नवरा, जैसलमेरजवळच्या सौर प्रकल्पावर आहे. रोज व्हिडिओ कॉल करतो.

"अगं केतू, हसतेय की ती! बघ, बाबाला बघून कशी हसतेय!"

मी मांडीवरच्या रावीकडे पाहिलं. ती हसत नव्हती. ती फोनकडे बघतही नव्हती, भिंतीकडे कुठेतरी बघत होती. आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत मात्र माझी मुलगी खळखळून हसत होती.

"हृषी, ती हसत नाहीये."

"काय?"

"इथे, माझ्यासमोर, ती हसत नाहीये. हसायची बंद झालीय ती."

तो हळू आवाजात म्हणाला, "तू नेटवर वाचणं बंद कर. आणि जरा आईला फोन दे."

त्या दोघांचं काय बोलणं झालं ते मला आतल्या खोलीत ऐकू येत होतं. 'हो रे, मी आहे ना', 'पहिलटकरीण आहे', 'बघते मी'.

संक्रांतीनंतर आम्ही रावीचं बोरन्हाण केलं. काळं झबलं, हलव्याचे दागिने, सोसायटीतली सगळी पोरं गोळा झालेली. चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, गोळ्या तिच्या डोक्यावरून ओतल्या आणि पोरांनी लूट केली. रावीला झोपेतून उठवूनच पाटावर बसवलं होतं. चुरमुरे पडत असतानाच तिनं मान टाकली, हात फेकले. "दचकली गं बाई," सगळ्या म्हणाल्या. "बोर लागलं वाटतं!" पोरं हसली. पुन्हा झालं. पुन्हा सगळे हसले.

हृषीनं सांगितलं होतं, नीट एडिट करून पाठव, इथल्या पोरांना दाखवायचंय. म्हणून मी ते शूटिंग त्याच्या लॅपटॉपवर घेऊन बसले. माझ्या आयुष्यातलं पहिलं एडिटिंग. खरं तर लॅपटॉपच सगळं करत होता, मी फक्त बघत होते. आणि बघता बघता माझं लक्ष माळेवर गेलं.

रावीच्या गळ्यात हलव्याची माळ आहे. हात मांडीवर आहेत, ती हसतेय. वरून चुरमुरे पडतायत. आणि पुढच्याच क्षणी माळ तुटलेली आहे, हलवा झबल्यावर पसरलाय. हात मांडीवरच, हसणंही चालूच.

माळ कुणी तोडली?

मी लॅपटॉपला म्हटलं, हे अगदी हळू दाखव. त्यानं दाखवलं. आता रावी आणखीनच लडिवाळपणे हसत होती आणि माळ पाण्यात विरघळल्यासारखी, सावकाश, आपोआप सुटत होती.

मी आईंना हाक मारली. काही न सांगता तेवढाच तुकडा दाखवला.

त्यांनी चष्मा लावून पाहिला. पुन्हा लावायला सांगितला.

"अशी कशी तुटेल?" त्या म्हणाल्या. "नायलॉनच्या दोऱ्यात ओवलीय मी. दुहेरी. हलवा सुटून हिच्या तोंडात जायला नको म्हणून. मी स्वतः ओढून बघितली होती." त्यांनी रावीचे इवलेसे हात स्वतःच्या हातात घेतले. "ही तोडायला केवढा हिसका लागेल."

त्या दुपारी त्यांनी टीव्ही लावला नाही. रावीच्या पाळण्याशेजारी खुर्ची ओढून त्या बसून राहिल्या. रावी उठली तेव्हा मी ओट्यापाशी होते. आतून त्यांचा आवाज आला, "केतकी! अगं केतकी!" त्या हाकेतच मला कळलं, आता मी एकटी नाही.

मी संख्याशास्त्रात एम.एस्सी. केलंय. पुढचं शोधून काढणं मला अवघड नव्हतं. अवघड होतं ते इतके दिवस आपण शोधलं नाही, हे पचवणं.

व्हिडिओ म्हणजे भराभर दाखवलेली चित्रं, हे आपण शाळेत शिकलो. एका सेकंदाला तीसेक. पूर्वीचे कॅमेरे ती सगळी टिपून ठेवायचे. मग जगातल्या प्रत्येक माणसाच्या हातात कॅमेरा आला आणि एवढी चित्रं साठवायला जागा पुरेना, पाठवायला वीज पुरेना. तेव्हा कुणीतरी मोठ्या अकलेची युक्ती काढली. दर काही सेकंदांतलं एकच चित्र खरं ठेवायचं. मधली फेकून द्यायची आणि बघायच्या वेळी ती नव्यानं काढायची. फोनमधल्या यंत्रानं कोट्यवधी बाळं पाहिलेली असतात. बाळ या चित्रातून त्या चित्रात कसं गेलं असेल, हे त्याला माहीत असतं. लोक याला 'भरणी' म्हणतात. आमच्या घरात कुणालाच हा शब्द माहीत नव्हता, आणि माहीत नसताना आम्ही सगळे ती रोज पाहत होतो. खरं म्हणून ठेवायच्या चित्रातच काही वेडंवाकडं आलं, तर यंत्र ते हललेलं समजतं आणि शेजारचं बरं चित्र उचलतं. व्हिडिओ कॉलमध्येही हेच.

बाळं जे सहसा करतात, तेच यंत्र भरतं. जांभई देतात, हसतात. मला कॉलेजात शिकवलं होतं की सगळ्या आकड्यांपासून फटकून असलेला एखादा आकडा दिसला तर तो बहुधा चुकीचा असतो, गाळून टाका. परीक्षेत मी असे कितीतरी गाळले होते. आता माझी मुलगी तो आकडा होती.

आणि जे मी नेटवर वाचलं होतं, वाचू नकोस म्हणून हृषीनं सांगितलं होतं, त्यात लिहिलं होतं की या झटक्यांना औषध आहे, पण ते लवकर सुरू व्हायला हवं. उशीर झाला तर बाळ शिकलेलं विसरत जातं. आधी हसणं जातं.

म्हणून मी मगदूमांच्या दुकानात उभी होते. मला वाटत होतं, फेकलेली चित्रं व्हिडिओत कुठेतरी पडून असतील, भरणी न करणारं यंत्र मिळालं की ती दिसतील.

"गोडाऊनला एक आहे," शेवटी ते म्हणाले. "एका ऑफिसनं बदलून नेलेला. जुनी पेटी आहे, पंखा घुंघुं करतोय. त्यात एडिटिंगचं जुनं सॉफ्टवेअर आहे. वर चित्र, खाली एक पट्टी आणि एक कात्री. बाकी काय करत नाही ते."

"तोच द्या."

"ताई, नंतर परत आणू नका म्हणजे झालं."

घरी आणून जोडला, फोनमधले सगळे व्हिडिओ त्यात घेतले. सॉफ्टवेअरनं खरंच काही सुधारलं नाही. बाणाचं बटण दाबलं की एक चित्र पुढे. मी दाबत गेले. जांभई. पुन्हा जांभई. मुठी चोळणं, हसणं. एकेक चित्र स्वच्छ, सुंदर आणि खोटं.

माझी चूक तेव्हा कळली. मी कॉम्प्युटर निवडत बसले होते आणि खोटं फोनमध्येच तयार होत होतं. मधली चित्रं कुठे लपवलेली नव्हती, की चांगलं यंत्र आणून ती बाहेर काढावीत. ती कधी ठेवलेलीच नव्हती. मी की-बोर्डवर डोकं टेकून रडले.

"जुना कॅमेरा कुणाकडे असेल गं?" आई म्हणाल्या.

आम्ही नातेवाइकांना फोन केले. सगळ्यांनी जुने कॅमेरे कधीच देऊन टाकले होते. 'नवीन फोन घे की, फार छान येतात फोटो,' असं सगळ्यांनी सांगितलं. हृषीच्या मावशींना तर राग आला, रावीच्या व्हिडिओला त्यांनी इतकं छान छान लिहिलं होतं आणि आम्ही म्हणत होतो ते खरं नाही.

शेवटी आठवलं तेही आईंनाच. आमच्या सोसायटीची लिफ्ट. तिच्यातला कॅमेरा बिल्डरच्या काळातला. नवीन बसवायचा विषय दर वार्षिक सभेत निघतो, पहिल्या मजल्यावरचे म्हणतात आम्ही लिफ्ट वापरतच नाही, भांडण होतं आणि चहा पिऊन सगळे घरी जातात.

मी सेक्रेटरी आरवाडे काकांकडे गेले. "असेल तसा आहे," ते म्हणाले. "आवाज येत नाही. चेहरे धड दिसत नाहीत. पण चित्र न चित्र ठेवतोय, एवढं खरं. जुना माल. तुम्हाला कशाला?"

"काका, रेकॉर्डिंग मिळेल ना?"

"मिळंल की. चोरी झाली काय?"

दुपारी रावी झोपेतून चाळवली की मी तिला उचलायची आणि अनवाणी लिफ्टकडे धावायची. मागून आई. आम्ही आत उभ्या राहायचो, रावीला कॅमेऱ्याकडे तोंड करून धरायचो, आणि लिफ्ट वरखाली जायची. पहिल्या दुपारी काहीच झालं नाही. दुसऱ्या दुपारी झटके पाळण्यातच येऊन गेले. लिफ्टमध्ये पोचेपर्यंत ती दमून पुन्हा झोपली होती.

आपल्या लेकराला झटका यावा म्हणून मी वाट बघत होते. आईंचे ओठ हलत होते. त्या काय मागत होत्या, ते मी विचारलं नाही. मी जे मागत होते ते मला तोंडानं म्हणता आलं नसतं.

मग एका दुपारी वरच्या मजल्यावरच्या मिरजकर वहिनी भाजीची पिशवी घेऊन आत आल्या.

"कुठं निघालात?"

"कुठं नाही. फिरवतोय हिला," आई म्हणाल्या.

"लिफ्टमधे?"

"हिला आवडतं."

"अगोबाई, आजकालची पोरं म्हणजे..." म्हणत वहिनी रावीचा गाल धरायला पुढे झाल्या, नेमक्या कॅमेरा आणि रावीच्या मधे. आणि तेव्हाच माझ्या हाताला कळलं. रावीची मान पडली.

"बाजूला व्हा!" मी ओरडले.

"अहो, मी काय..."

आईंनी वहिनींचा दंड धरून त्यांना सरळ कोपऱ्यात ओढलं. पिशवी पडली. टोमॅटो पायाशी गडगडले. रावीनं हात फेकले, मान टाकली, सैल झाली. पुन्हा. पुन्हा. मी तिला धरून कॅमेऱ्यासमोर उभी होते. तिला पोटाशी घ्यावं, तोंड झाकावं, असं सगळं अंग सांगत होतं. मी तिला तशीच समोर धरून ठेवली.

लिफ्टचं दार उघडलं. कुणीच बाहेर पडलं नाही.

"हे काय होतंय हिला?" मिरजकर वहिनी कुजबुजल्या. आणि मला त्या बाईच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिनं पाहिलं होतं.

त्या जुन्या पेटीवर मी माझं एडिटिंग केलं. कात्री कुठून चालवायची तेच कळेना. पहिल्यांदा मी झटक्यापासून सुरुवात केली, तर ते बघून कुणीही दचकलीच म्हणालं असतं. मग मागे गेले. ती शांत आहे, डोळे उघडे आहेत, तिला कुणी हातही लावलेला नाही, तिथून सुरू केलं आणि शेवटच्या झटक्यापर्यंत मधे कुठेच कापलं नाही. वहिनींचा हात आणि टोमॅटोही राहू दिले. चित्र करडं, दाणेदार, नाक-डोळे पुसट. पण बाण दाबला की मान थोडी खाली, आणखी दाबला की आणखी खाली. मधलं सगळं होतं.

इस्पितळाला पाठवलं. उत्तर लगेच आलं. 'चित्रण अस्पष्ट असल्याने सुधारून पाहिले. हालचाली सामान्य.'

आईंनी ते वाचलं. फोन टेबलावर उलटा ठेवला. "पेटी उचल," त्या म्हणाल्या.

रिक्षात माझ्या पायाशी कॉम्प्युटरची पेटी, मांडीवर रावी, आणि शेजारी आई जुन्या सोलापुरी चादरीत गुंडाळलेला मॉनिटर छातीशी धरून. इस्पितळाच्या काउंटरवरची मुलगी उभीच राहिली.

"हे काय आणलंय?"

"पेशंटचा रिपोर्ट," आई म्हणाल्या.

"अपॉइंटमेंट?"

"पाडव्यानंतरची आहे. आम्ही लवकर आलो."

त्यांनी तिच्या उत्तराची वाट पाहिली नाही. कॉरिडॉरमधल्या वॉटर कूलरची पिन काढली, आमची लावली. पंखा घुंघुं करायला लागला. बाकावर बसलेल्या आया आणि आज्या वळून बघायला लागल्या. मी व्हिडिओ लावला आणि संपला की पुन्हा लावला. गर्दी झाली. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं.

"हा काय प्रकार आहे? कूलर कुणी बंद केला?" उपळेकर मॅडम चिडूनच बाहेर आल्या. गर्दी बाजूला झाली. त्यांची नजर मॉनिटरवर गेली आणि तिथेच राहिली.

"पुन्हा लावा."

लावला.

"मागे घ्या. एकेक चित्र दाखवा."

मी बाण दाबत गेले. त्या वाकून बघत होत्या. त्यांनी रावीकडे पाहिलं, मग पुन्हा पडद्याकडे.

"हे आम्हाला पाठवलं का नाही?"

"पाठवलं होतं. तुम्ही सामान्य म्हणालात."

"मी?"

मी इस्पितळाचे निरोप उघडून फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी ते सगळे वाचले. चेहऱ्यावरचा राग कुठेतरी गेला आणि जे आलं ते मला जास्त भीतीदायक वाटलं. "ई.ई.जी. लावा हिला," त्या नर्सला म्हणाल्या. "आत्ता. बाकीचं थांबवा." मग मला, "कधीपासून आहे?"

"संक्रांतीच्या आधीपासून. मॅडम, उशीर झाला का?"

"औषध आज सुरू करतोय," त्या म्हणाल्या. मी जे विचारलं होतं त्याचं हे उत्तर नव्हतं. आम्हा दोघींनाही ते माहीत होतं.

आत जाताना कुणीतरी माझी ओढणी धरली. बाकावरची एक मुलगी होती, माझ्याहूनही लहान, कडेवर बाळ, हातात फोन. "ताई, माझ्या बाळाचं पण बघता का ह्याच्यावर? सगळे म्हणतात काय नाही, पण मला वाटतं..."

फोनमधलं यावर चालणार नाही, हे मी तिला सांगू शकले नाही. "आमच्या सोसायटीत ये," मी म्हटलं, आणि पत्ता सांगितला.

हृषीकेशला मी फोनवर काही पटवत बसले नाही. व्हिडिओ कॉल आला की आवाजच ठेवायची. तो म्हणायचा, "दाखव ना तिला." मी म्हणायची, "ये. बघायला ये."

तो आला तेव्हा इंजेक्शनं सुरू होऊन बरेच दिवस झाले होते. झटके आता येत नव्हते. रावीचा चेहरा औषधानं सुजला होता. चपला काढायच्या आधीच त्यानं तिला घेतलं. "रावू! बाबा आला!" तिच्या पोटात नाक घासलं, तोंडानं आवाज काढले, भुवया नाचवल्या. रावी त्याच्या खांद्यापलीकडच्या भिंतीकडे बघत राहिली. त्यानं पुन्हा केलं. पुन्हा. मग तो थांबला.

"मी रोज बघत होतो तिला," तो म्हणाला.



आता संध्याकाळी आम्ही तिघं सतरंजीवर रावीभोवती बसतो. मॅडम म्हणतात, काही मुलांचं परत येतं, काहींचं नाही. वाट बघा. जुनी पेटी दिवाणाखाली आहे. बाकावरची ती मुलगी बाळाला घेऊन येऊन गेली, तिच्यानंतर आणखी दोघी आल्या, आरवाडे काकांनी लिफ्टमध्ये स्टूल ठेवलंय.

काल आई चमचा वाटीवर वाजवत होत्या. रावीनं मान वळवली. तिच्या ओठाचा डावा कोपरा हलला.

"पाहिलंत?" मी विचारलं. "तुम्ही पाहिलंत ना? हसली का ती?"

"मला वाटलं तसं," आई म्हणाल्या. "चष्मा नव्हता गं माझा."

हृषीचा हात सवयीनं खिशातल्या फोनकडे गेला होता. तो तिथेच थांबला. त्यानं हात रिकामाच बाहेर काढला आणि पालथा पडून, हनुवटी सतरंजीला टेकवून, तोंड रावीच्या तोंडासमोर आणलं.

"मला नाही दिसलं," तो म्हणाला. "आई, वाजव परत."

आईंनी चष्मा लावला आणि चमचा उचलला.